गाऱ्हाणं चालीत मांडणारी लोरेटा लिन

1960 साली अमेरिकेच्या वायव्य टोकावरच्या वॉशिंग्टन राज्यातून एक जोडपं मोटार घेऊन निघालं. चार मुलं मागे ठेवलेली, खिशात जेमतेम पैसे आणि गाडीत एकाच गाण्याच्या तबकड्यांचे गठ्ठे. वाटेत रेडिओ केंद्राचा मनोरा दिसला की गाडी थांबायची. बायको त्यातल्या त्यात बरा ड्रेस चढवून आत जायची, निवेदकाला गाठायची आणि आपली रेकॉर्ड लावा म्हणून गळ घालायची. मग पुढचा मनोरा. जेवण म्हणजे सँडविच आणि झोप गाडीतच. 'आय ॲम अ हाँकी टाँक गर्ल' हे ते गाणं तिनेच रचलं होतं. ते काढणाऱ्या कंपनीचं नाव होतं 'झीरो रेकॉर्ड्स', आणि कंपनीची ऐपतही नावाला साजेशी. जाहिरात, वितरण, गोडाऊन, विक्रेता सगळं त्या एका मोटारीत. तरीही गाणं 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या कंट्री यादीत 14 व्या क्रमांकापर्यंत चढलं.

गाडी चालवणारा ऑलिव्हर लिन. त्याला 'डूलिटल' म्हणत, थोडक्यात 'डू'. त्याचं आणखी एक टोपणनाव होतं 'मूनी', कारण तरुणपणी तो 'मूनशाइन' म्हणजे चोरून गाळलेल्या दारूच्या धंद्यात होता. शेजारी बसलेली लोरेटा पुढे अमेरिकेच्या कंट्री संगीतातल्या सगळ्यात नावाजलेल्या गायिकांपैकी एक झाली. गंमत अशी, की तिच्या गाजलेल्या गाण्यांत जो नवरा पिऊन घरी येतो, बाहेर भानगडी करतो आणि बायकोचा मार किंवा टोमणा खातो, तोही बव्हंशी हाच ऑलिव्हर. तिची कारकीर्द उभी करणारा तोच आणि तिच्या गाण्यांतला आरोपीही तोच. लोरेटाचं गाणं समजून घ्यायचं तर हा गुंता आधी ध्यानात घ्यावा लागतो.

लोरेटा वेबचा जन्म 14 एप्रिल 1932 चा. पूर्व केंटकीतल्या ॲपलाचियन डोंगररांगांत, बुचर हॉलो नावाच्या अरुंद दरीत, आठ भावंडांत दुसरी. बाप मेल्विन, ज्याला सगळे टेड म्हणत, जवळच्या व्हॅन लियर गावच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. अशा खाणगावांत दुकान, घरं, डॉक्टर सगळं कंपनीचं असे. पगारही बरेचदा नाण्यांत न मिळता कंपनीच्या बिल्ल्यांत मिळे आणि ते बिल्ले कंपनीच्याच दुकानात चालत. वेब कुटुंबाचं लाकडी घर दरीच्या वरच्या अंगाला. फटींतून वारा येऊ नये म्हणून आई भिंतींना जुनी वर्तमानपत्रं, मासिकांची पानं आणि सीअर्स-रोबक या टपालदुकानाच्या कॅटलॉगची पानं चिकटवायची. भिंतीवरच्या चित्रांत लोरेटा यंग ही सिनेनटी होती, तिच्यावरून मुलीचं नाव पडलं. लोरेटा अकरा वर्षांची असताना घरात बॅटरीवर चालणारा फिल्को रेडिओ आला. बॅटरी महाग, म्हणून जपून लावायचा. पण शनिवारची रात्र राखीव. त्या रात्री नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' लागायचं.

या ऑप्रीबद्दल थोडं सांगायला हवं. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात डब्ल्यूएसएम हे रेडिओ केंद्र एका विमा कंपनीने सुरू केलं आणि 1925 पासून तिथून खेडवळ गाण्याबजावण्याचा शनिवारचा कार्यक्रम होऊ लागला. पुढे केंद्राची ताकद 50,000 वॅटवर गेली आणि रात्रीच्या वेळी तो आवाज कितीतरी राज्यांतल्या डोंगरदऱ्यांत पोहोचू लागला. तिथे वाजणारं संगीत तसं अनेक घरचं होतं. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडहून आलेल्यांची कथागीतं आणि फिडल, गुलाम करून आणलेल्या आफ्रिकन लोकांकडून आलेला बँजो आणि त्यांचेच ब्लूज, हवाई बेटांवरून आलेली तारांवर पट्टी घसरवण्याची रीत, आणि चर्चमधली भजनं. 1927 साली राल्फ पिअर या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने ब्रिस्टल गावात तात्पुरता स्टुडिओ मांडून जिमी रॉजर्स आणि कार्टर कुटुंबाला ध्वनिमुद्रित केलं आणि या संगीताला बाजार मिळाला. म्हणजे 'पारंपरिक' म्हणून ज्याचा गौरव होतो ते कंट्री संगीत जन्मापासूनच रेडिओ आणि तबकडीच्या संगतीत वाढलेलं आहे. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचत नाही, पण वस्तुस्थिती तीच.

ऑलिव्हर सैन्यातून परतलेला, लोरेटापेक्षा सहाएक वर्षांनी मोठा. गावच्या शाळेत मुलींनी केलेल्या पायांचा लिलाव होता. पाय म्हणजे फळं वगैरे भरून भट्टीत भाजलेला गोड पदार्थ. जो बोली जिंकेल त्याने तो घ्यायचा आणि करणाऱ्या मुलीसोबत बसून खायचा. ऑलिव्हरने बोली लावून लोरेटाचा पाय घेतला. तिने त्यात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. हा किस्सा ती आयुष्यभर सांगत राहिली. महिन्याभरात, 10 जानेवारी 1948 ला, लग्न झालं. आत्मचरित्रात आणि त्यावरच्या सिनेमात वधूचं वय तेरा सांगितलं गेलं, आणि जगाने ते खरं मानलं. 2012 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जन्माची आणि लग्नाची कागदपत्रं बाहेर काढली तेव्हा ते पंधरा वर्षं नऊ महिने निघालं. पंधरा म्हणजे तरी काय फार मोठं वय नव्हे. पण आपल्या आयुष्याची गोष्ट कशी सांगायची, कुठे तिखटमीठ टाकायचं, हे या बाईला पक्कं कळत होतं, एवढं यातून दिसतं.

खाणीत मरायचं नाही असं ठरवून ऑलिव्हर तिला घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेला. तिथे ती शेतावरच्या घरात स्वयंपाक आणि साफसफाई करी, स्ट्रॉबेरी खुडायला जाई. विशीच्या सुरुवातीलाच चार मुलांची आई झाली. मुलांना झोपवताना ती गायची. ते ऑलिव्हरने ऐकलं आणि सीअर्समधून सुमारे सतरा डॉलरची हार्मनी गिटार आणून दिली. शिकवायला कोणी नव्हतं, ती आपली आपण शिकली. मग त्याने जवळच्या क्लबवाल्यांना गाठून, माझी बायको किटी वेल्स सोडली तर कोणापेक्षाही छान गाते, असं बेधडक सांगून तिला स्टेजवर ढकललं. ती लाजेने गळाठली होती. टाकोमा शहरात बक ओवेन्सच्या टीव्ही कार्यक्रमात तिने स्पर्धा जिंकली. तिथे नॉर्म बर्ली नावाच्या एका धनिकाने तिला ऐकलं आणि झीरो रेकॉर्ड्ससाठी पैसे घातले. टेड वेब मात्र 1959 मध्येच वारले होते. लेकीचा आवाज रेडिओवर ऐकायला ते राहिले नाहीत.

किटी वेल्सचं नाव वर आलं ते उगाच नाही. 1952 पर्यंत कंट्री संगीतात बाईने एकटीने गायलेलं गाणं खपत नाही अशी धंद्यातली समजूत होती. दौऱ्यावरच्या कार्यक्रमात चार-पाच पुरुष गायक आणि शोभेला एक 'गर्ल सिंगर'. त्यात हँक थॉम्प्सनचं एक गाणं गाजलं, दारूच्या गुत्त्यावर रमणाऱ्या आणि त्यामुळे घर मोडणाऱ्या बाईवर. किटी वेल्सने त्याच धाटणीच्या चालीवर उत्तर दिलं: अशा बायका काही देवाने घडवलेल्या नाहीत, विवाहित असून ब्रह्मचाऱ्याचा आव आणणारे पुरुष त्यांना घडवतात. एनबीसीने ते गाणं वाजवायला नकार दिला, ऑप्रीनेही आधी नाक मुरडलं. तरी ते यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकट्या गायिकेने बिलबोर्डच्या कंट्री यादीत ते स्थान मिळवण्याची ती पहिलीच वेळ. लोरेटाला आपलं गुरुस्थान तिथे सापडलं. फरक एवढाच की किटीचं उत्तर दुसऱ्याच्या लेखणीतून आलं होतं, लोरेटा स्वतः लिहिणारी होती.

15 ऑक्टोबर 1960 ला ती ऑप्रीच्या मंचावर पहिल्यांदा उभी राहिली. नॅशव्हिलमध्ये टेडी आणि डॉइल विल्बर्न या गायक भावांनी तिला हाताशी धरलं. डॉइलकडे एक गाणं होतं, ते डेक्का कंपनीचे निर्माते ओवेन ब्रॅडली यांना ब्रेंडा ली या गायिकेसाठी हवं होतं. गाणं देतो, पण या मुलीशी करार करा, अशी अट डॉइलने घातली. अशा सौद्यातून लोरेटा डेक्कात आली. मोबदल्यात तिच्या गाण्यांचे हक्क विल्बर्न बंधूंच्या प्रकाशन कंपनीकडे गेले. पुढे ती त्यांच्यापासून वेगळी झाली तेव्हा याच करारावरून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. सत्तरच्या दशकात तिचं स्वतःचं लेखन रोडावलं त्याचं हे एक मोठं कारण.

याच काळातली तिची मैत्रीण म्हणजे पॅट्सी क्लाइन. जून 1961 मध्ये पॅट्सी मोटार अपघातात जबर जखमी होऊन इस्पितळात होती. ऑप्रीनंतर अर्नेस्ट टब यांच्या रेकॉर्डच्या दुकानातून मध्यरात्री एक कार्यक्रम प्रसारित होई, त्यात लोरेटाने पॅट्सीचंच गाणं तिला अर्पण करून म्हटलं. पॅट्सीने ते खाटेवरून ऐकलं आणि नवऱ्याला पिटाळलं, त्या मुलीला घेऊन ये. पुढे पॅट्सीने तिला कपडे दिले, घराला पडदे दिले, मंचावर कसं वावरायचं ते दाखवलं आणि पैसे आधी घेतल्याशिवाय गायचं नाही हेही शिकवलं. 5 मार्च 1963 ला पॅट्सी विमान अपघातात गेली. 1964 मध्ये लोरेटाला जुळ्या मुली झाल्या, त्यातल्या एकीचं नाव पॅट्सी ठेवलं.

आता प्रत्यक्ष गाण्याकडे. ओवेन ब्रॅडलींनी पॅट्सी क्लाइनला व्हायोलिनचे ताफे आणि मागे गुणगुणणारा कोरस देऊन शहरी श्रोत्यांपर्यंत नेलं होतं. त्यालाच 'नॅशव्हिल साउंड' म्हणतात. लोरेटाच्या बाबतीत त्यांनी शहाणपणा केला. तिचा आवाज डोंगरी, थोडा नाकातला, सरळ फेकीचा. शब्दांचे केंटकी हेल जसेच्या तसे. ब्रॅडलींनी त्यावर साखरेचा पाक ओतला नाही. फिडल, गिटार आणि पेडल स्टील पुढे ठेवली. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी केलेली आडवी गिटार. डाव्या हातातली लोखंडी पट्टी तारांवरून सरकवायची, बोटांनी छेडायचं आणि खालचे पेडल दाबून वाजत्या तारेचा सूर मध्येच चढवायचा. कंट्री गाण्यात मागे जो हुंदक्यासारखा घसरता सूर येतो तो बहुधा याच वाद्याचा.

स्टुडिओतली कामाची पद्धतही बघण्यासारखी. एक सत्र तीन तासांचं, त्यात तीन-चार गाणी पुरी करायची. साथीदार तेच ते आणि पट्टीचे. त्यांच्यापुढे स्वरलेखनाचे कागद नसत. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे गट, ते आकड्यांनी टिपून घेत. गाण्याच्या मूळ स्वरावरचा कॉर्ड 1, चौथ्या स्वरावरचा 4, पाचव्यावरचा 5. अनेक कंट्री गाणी एवढ्या तिघांवरच भागतात. गायिकेने ऐन वेळी सांगितलं की आज पट्टी खाली घ्या, तर कागदावरचं काहीच बदलावं लागत नाही. आपल्याकडे सा कुठेही धरला तरी मध्यम मध्यम राहतो आणि पंचम पंचम, तसंच. साथ इतकी सोपी ठेवल्यामुळे सगळा भार शब्दांवर येतो, आणि लोरेटाचं बळ तिथेच होतं.

एकदा कार्यक्रमाआधी एक प्रेक्षक बाई रडत तिच्याकडे आली. माझा नवरा दुसरीला घेऊन पुढच्या रांगेत बसलाय, म्हणाली. लोरेटाने पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं आणि सांगितलं, तुझा नवरा पळवण्याइतका दम तिच्यात नाही. मग खोलीत जाऊन तिथल्या तिथे गाणं लिहून काढलं. 1966 चं 'यू एन्ट वुमन इनफ' ते हे. बहीण पेगी सू हिच्यासोबत लिहिलेलं 'डोन्ट कम होम अ-ड्रिंकिन' 1967 च्या सुरुवातीला पहिल्या क्रमांकावर गेलं, तिचं पहिलंच. विषय एवढाच: ढोसून येणार असशील तर लगट करायला येऊ नकोस. 1968 च्या 'फिस्ट सिटी'त नवऱ्यावर डोळा ठेवणाऱ्या बाईला थेट हाणामारीची धमकी आहे. ही धमकी कल्पनेतली नव्हती. लोरेटा दौऱ्यावर असताना गावातली एक बाई ऑलिव्हरच्या मागे लागली होती, आणि गाणं रेडिओवर लागलं की ते कोणासाठी आहे हे त्या बाईला कळावं असाच हेतू होता.

ही गाणी नुसती भांडखोर म्हणून गाजली नाहीत. त्यांची रचना पाहा. पहिल्या दोन ओळींत प्रसंग उभा, तिसऱ्या ओळीत आरोप आणि ध्रुवपदात निकाल. एकही ओळ भरतीची नाही. जूकबॉक्सवर, म्हणजे नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर, अडीच-तीन मिनिटांत गोष्ट पुरी व्हायची असते, याचं भान प्रत्येक कडव्यात आहे. आणि बोलणारी बाई रडत नाही. तोवरच्या कंट्री गाण्यांतली बायको बहुधा सोसणारी होती. लोरेटाची बायको भांडते, हसते, टोमणा मारते आणि घर सोडून जात नाही. शेवटची गोष्ट महत्त्वाची. रेडिओ ऐकत भांडी घासणाऱ्या ज्या बायकांसाठी ती गात होती, त्यांच्यातल्या बहुतेकींना घर सोडून जाणं परवडणारं नव्हतं.

'कोल मायनर्स डॉटर' या गाण्याचा घाट मात्र वेगळा. 1969 मध्ये लिहिलेलं, 1970 मध्ये आलेलं हे गाणं म्हणजे बुचर हॉलोचं घर, बापाच्या पाळ्या, कपडे धुताना सोलवटलेली आईची बोटं, अनवाणी उन्हाळे. मूळ रचना फार लांब होती. मार्टी रॉबिन्सचं 'एल पासो' हे लांबलचक गाणं आधीच येऊन गेलंय, तसलं आणखी एक नको, असं म्हणून ब्रॅडलींनी कडवी छाटायला लावली. छाटलेली कडवी पुढे हरवली. एवढं खासगी, सगळे तपशील एकाच दरीतले असलेलं गाणं कोण ऐकणार अशी लोरेटालाच शंका होती. ते पहिल्या क्रमांकावर गेलं. मला विचाराल तर तिच्या गाण्यांत हेच श्रेष्ठ, कारण यात गरिबीचं कौतुकही नाही आणि तक्रारही नाही, नुसती मोजदाद आहे.

1972 मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एंटरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. कॉन्वे ट्विटीसोबतची तिची युगुलगीतं याच काळातली. 1971 ते 1975 या वर्षांत त्यांची ओळीने पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली आणि हे दोघं नवराबायकोच आहेत असं अनेक श्रोते धरून चालत.

मग आलं 'द पिल'. संततिनियमनाच्या गोळीला अमेरिकेत 1960 मध्ये मान्यता मिळाली. विवाहित जोडप्यांचा ती वापरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1965 मध्ये आणि अविवाहितांचा 1972 मध्ये मान्य केला. लोरेटाने हे गाणं 1972 मध्येच मुद्रित केलं होतं, कंपनीने ते तीन वर्षं दाबून ठेवलं आणि 1975 मध्ये बाहेर काढलं. गाणं तिने लिहिलेलं नव्हतं, पण तिच्या तोंडी ते असं बसलं की लोक तिचंच समजतात. दर वर्षी बाळंतपण काढून थकलेली बायको नवऱ्याला सुनावते: आता तो जमाना संपला, माझ्याकडे गोळी आहे. अनेक केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, पाद्र्यांनी चर्चमधून झोडपलं. तरी ते कंट्री यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. आमच्या पत्रकांनी जे जमलं नाही ते तुमच्या गाण्याने केलं, असं खेड्यापाड्यांतल्या डॉक्टरांनी आपल्याला सांगितल्याचं ती सांगत असे. हे गाणं गायलं तेव्हा ती सहा मुलांची आई होती आणि पस्तिशी गाठण्याआधीच आजी झालेली होती. तिला गोळीवर बोलायचा अधिकार नव्हता तर कोणाला होता?

तरी तिला स्त्रीमुक्तीवादी म्हटलेलं चालत नसे. टीव्हीवरच्या एका चर्चेत स्त्रीमुक्ती चळवळीच्या नेत्या बेटी फ्रीडन बोलत असताना आपल्याला डुलकी लागली, हे तिने आत्मचरित्रात सांगितलं आहे. राजकारणात ती कधी डेमोक्रॅट जिमी कार्टरसाठी तर पुढे बुश पितापुत्रांसाठी आणि ट्रम्पसाठीही उभी राहिली. तिला एका बाजूच्या खणात बसवू पाहणाऱ्यांची पंचाईतच होते. बायकोचा अनुभव हा तिचा विषय होता, विचारसरणी नव्हे.

प्रसिद्धीची किंमत घरात मोजली जात होती. 1966 मध्ये टेनेसीतलं हरिकेन मिल्स हे गिरणीसकट अख्खं गावठाण जोडप्याने विकत घेतलं. ती वर्षातला बहुतेक काळ बसमधून गावोगाव हिंडे. जुळ्या मुली आईला टीव्हीवर जास्त आणि घरात कमी पाहत वाढल्या. डोकेदुखी आणि थकव्याने ती मंचावर कोसळण्याचेही प्रसंग आले. 1976 मध्ये पत्रकार जॉर्ज वेक्सी यांच्या साहाय्याने लिहिलेलं आत्मचरित्र आलं आणि 1980 मध्ये त्यावर सिनेमा निघाला. सिसी स्पेसेकने लोरेटाची भूमिका केली, गाणी स्वतःच्या आवाजात गायली आणि ऑस्कर मिळवलं. 1984 मध्ये मोठा मुलगा जॅक बेनी शेताजवळच्या नदीत बुडून गेला. 1993 मध्ये ऑलिव्हरवर हृदयाची शस्त्रक्रिया होऊन तो मिझुरी राज्यातल्या ज्या इस्पितळात होता, तिथेच कॉन्वे ट्विटीला आणलं गेलं आणि तो वारला. लोरेटा तेव्हा त्याच इमारतीत होती.

ऑलिव्हर 1996 मध्ये गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. त्यानंतर 2002 मध्ये आलेल्या दुसऱ्या आत्मचरित्रात तिने पहिल्यात सांभाळून लिहिलेलं मोकळेपणाने सांगितलं: त्याचं पिणं, बाहेरख्यालीपणा, मारहाण, आणि आपण केलेली परतफेड. सोबत हेही, की तो नसता तर आपण कधी मंचावर चढलोच नसतो. ही दोन विधानं एकमेकांना खोडत नाहीत असं तिचं म्हणणं होतं. आजच्या वाचकाला ते पटणं अवघड आहे, मलाही जड जातं. पण तिने नवऱ्याला माफ केलं म्हणून तिची गाणी मवाळ झाली नाहीत. ज्याच्यावर ती रचलेली होती त्याच्या हयातीत, त्याच्याच घरात राहून तिने ती वर्षानुवर्षं भर सभेत गायली.

2004 मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, रॉक संगीतातल्या जॅक व्हाइटसोबत तिने 'व्हॅन लियर रोझ' हा अल्बम केला. गाणी तिचीच, विल्बर्न करारातून कधीच सुटलेली लेखणी पुन्हा चालू लागलेली. त्याला दोन ग्रॅमी मिळाल्या. 2013 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. 2017 मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यावर दौरे थांबले, मुद्रण थांबलं नाही. मार्च 2021 मध्ये पन्नासावा अल्बम आला, 'स्टिल वुमन इनफ'. 4 ऑक्टोबर 2022 ला नव्वदाव्या वर्षी ती हरिकेन मिल्सच्या घरी झोपेतच गेली. तिला त्याच आवारात, ऑलिव्हरशेजारी, पुरलं.